सांगोला विधानसभा मतदारसंघ: परत परत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

सोलापुरात सांगोल्याचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले ते कसं मोजलं, १९९५ ला ते १९२ मतांनी पडले हे खरं का, सांगोला सोलापूर लोकसभेत का नाही. बऱ्याच जणांनी पाठवलेले प्रश्न एकत्र केलेत, ज्यांनी विचारले त्यांच्याच भाषेत ठेवलेत. सोपे आधी आहेत, गुंतागुंतीचे शेवटी. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथं नंबर दिलाय.

१. सांगोला मतदारसंघ म्हणजे फक्त सांगोला तालुका ना?

नाही, आणि इथंच बऱ्याच जणांचं चुकतं. पूर्ण सांगोला तालुका तर आहेच, पण त्याला पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडल पण जोडलेलं आहे. म्हणजे भाळवणीच्या माणसाचं तहसील पंढरपूरला आणि आमदार मात्र सांगोल्याचा. ही हद्द २००८ च्या पुनर्रचनेतून आली आणि २००९ च्या विधानसभेपासून लागू झाली. मतदारसंघाचा नंबर २५३, जिल्ह्यातल्या ११ पैकी एक. जागा सर्वसाधारण आहे, राखीव नाही.

२. कुठं "सांगोला" लिहितात कुठं "सांगोले", दोन वेगळे मतदारसंघ आहेत का?

एकच आहे. आपण बोलताना सांगोला म्हणतो, सरकारी यादीत सांगोले असं दिसतं. जुने निकाल शोधताना एका नावाने सापडलं नाही तर दुसऱ्या नावाने शोधा, नाहीतर उगाच वाटतं की त्या वर्षी निवडणूकच झाली नाही.

३. आतापर्यंत आमदार कोण कोण झाले? यादी द्या.

१९६२ ला, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा, तिथून धरतो. १९६२ आणि १९६७ ला शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) गणपतराव देशमुख. १९७२ ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत गणपतराव, आणि मग १९७८, १९८०, १९८५, १९९० सलग तेच. १९९५ ला काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. १९९९, २००४, २००९, २०१४ पुन्हा गणपतराव. २०१९ ला शहाजीबापू, यावेळी शिवसेनेकडून. २०२४ ला शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, गणपतरावांचे नातू.

आता ही यादी नीट बघा, ६० वर्षांहून जास्त काळात आमदार झालेली माणसं फक्त चार. यात एकही महिला नाही हे पण लक्षात येईल, आणि ते मला खटकतं, कारण शेतावर, मजुरीला आणि पाण्याच्या मोर्चात या तालुक्यातल्या बाया कधी मागं नव्हत्या.

४. गणपतराव अकरा वेळा निवडून आले म्हणतात, पण मी मोजलं तर दहाच येतात. कोण चुकतंय?

कुणीच नाही, तुमच्याकडून पोटनिवडणूक सुटलीय. १९६२ ते २०१४ या काळात सार्वत्रिक विधानसभा निवडणुका झाल्या १२: १९६२, ६७, ७२, ७८, ८०, ८५, ९०, ९५, ९९, २००४, ०९, १४. त्यातल्या १९७२ आणि १९९५ ला ते पडले, म्हणजे राहिल्या १०. त्यात १९७४ ची पोटनिवडणूक मिळवली की ११. म्हणजे एकूण १३ वेळा लढले आणि ११ वेळा जिंकले, सगळ्या वेळा सांगोल्यातूनच आणि सगळ्या वेळा शेकापकडूनच. पक्ष बदलला नाही, मतदारसंघ बदलला नाही. मला विचाराल तर ११ या आकड्यापेक्षा ही दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे.

वर्षं किती ते पण लोक विचारतात आणि तिथं वेगवेगळे आकडे फिरतात. मधली १९७२ ते ७४ आणि १९९५ ते ९९ ही दोन खिंडारं वजा केली तर प्रत्यक्ष आमदारकीची वर्षं साधारण ५१ भरतात.

५. १९७२ नंतर थेट १९७८ ला निवडणूक आणि मग लगेच १९८० ला? छपाईची चूक आहे का?

चूक नाही. १९७२ ची विधानसभा खरं तर १९७७ ला संपायची, पण आणीबाणीच्या काळात घटनादुरुस्ती करून मुदत वाढवली गेली म्हणून निवडणूक १९७८ च्या फेब्रुवारीत झाली. मग त्या विधानसभेतून पुढं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आलं आणि इंदिरा गांधी परत सत्तेत आल्यावर फेब्रुवारी १९८० मध्ये ते बरखास्त झालं, म्हणून दोन वर्षांतच पुन्हा मतदान. १९९९ ची पण थोडी आधी झाली, लोकसभेबरोबर घेतली म्हणून. त्यामुळं पाच पाचने मोजत गेलात तर हिशोब कधीच जुळणार नाही.

६. सगळीकडं शेकाप संपली, मग सांगोल्यातच कशी टिकली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी हे बघा की शेकाप एकेकाळी छोटा पक्ष नव्हता. १९६२ ला काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या, इतकी लाट होती, त्यात शेकापचे १५ निवडून आले आणि त्यातलेच एक गणपतराव. म्हणजे सुरुवातच वाऱ्याच्या विरुद्ध झाली. २०२४ ला शेकापचा अख्ख्या राज्यात एकच आमदार आला आणि तो पण सांगोल्याचा.

दुसरं म्हणजे पाणी. सांगोला हा कायम दुष्काळी तालुका, मेंढपाळ आणि कोरडवाहू शेतकऱ्यांचा. इथं भाषणापेक्षा टँकर कधी येणार, रोजगार हमीचं काम कधी निघणार, मजुरी कधी मिळणार हे प्रश्न. गणपतराव आयुष्यभर तेच धरून बसले. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेतून १३ दुष्काळी तालुक्यांचा लढा चालला, त्यातून टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. लोकांना माहीत होतं की हा माणूस यावर्षी पण परिषदेला जाणार आणि पुढच्या वर्षी पण.

तिसरं, संस्था. सांगोल्याची सहकारी सूतगिरणी हे नेहमी दिलं जाणारं उदाहरण. जिथं कापूस फारसा पिकत नाही तिथं सूतगिरणी चालवून दाखवली. आणि डाळिंब. कमी पाण्यावरचं पीक म्हणून ते माळरानावर आलं आणि घराघरात पैसा दिसायला लागला. डाळिंब एकट्या आमदाराने आणलं असं मी म्हणणार नाही, त्यात शेतकऱ्यांचा घाम आहे, पण पक्षाचा कार्यकर्ता आणि बागेवाला हे बऱ्याचदा एकच घर होतं.

चौथं, राहणीमान. एसटीने जाणारे आमदार म्हणून ते सगळ्यांना माहीत होते. दोनदा मंत्री झाले, १९७८ च्या पुलोदमध्ये आणि १९९९ च्या विलासराव देशमुख सरकारमध्ये, पण राहणी तीच राहिली. आमच्याकडं जुनी माणसं अजून सांगतात की आबांना, म्हणजे गणपतरावांना, भेटायला चिठ्ठी लागायची नाही.

७. "आबा" म्हणजे नक्की कोण? बातम्यांत दोन आबा दिसतात.

भाई गणपतराव देशमुख म्हणजे आबासाहेब. दीपकआबा म्हणजे दीपक साळुंखे-पाटील, हे वेगळे. आणि बापू म्हणजे शहाजीबापू पाटील, चिकमहूदचे. सांगोल्यात पूर्ण नाव कुणी घेत नाही त्यामुळं बाहेरच्या माणसाचा गोंधळ होतोच. शेकापमध्ये एकमेकांना "भाई" म्हणायची रीत आहे, ते आडनाव नाही आणि उपनाव पण नाही.

याच्यातच अजून एक विचारतात, की आबासाहेब मूळचे सांगोल्याचेच का. नाही, ते मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. शिक्षणाने वकील. सांगोल्याने बाहेरचा माणूस आपला केला आणि ११ वेळा निवडून दिला, आता उमेदवार उपरा आहे म्हणून ओरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

८. १९९५ ला गणपतराव खरंच फक्त १९२ मतांनी पडले?

हो. शहाजीबापूंनी काँग्रेसकडून लढून १९२ मतांनी हरवलं. तेव्हा मशीन नव्हतं, कागदी मतपत्रिका आणि शिक्का, सगळी मोजणी हाताने. १९२ म्हणजे एका मोठ्या वस्तीएवढी पण मतं नाहीत. तालुक्यात अजून अशी घरं आहेत जिथं "त्या दिवशी आमच्या घरचे चौघं पंढरपूरला होते" हे हळहळत सांगतात.

आणि त्यानंतर चार वर्षांनी, वयाच्या सत्तरीनंतर, तो माणूस परत उभा राहिला आणि पुढच्या चारही निवडणुका जिंकला.

९. २०१९ ला शेकापची मतं फुटली म्हणून हरले ना?

सगळे हेच म्हणतात, पण आकडे वेगळं सांगतात.

२०१४ ला गणपतरावांना ९४,३७४ मतं होती आणि शहाजीबापूंना ६९,१५०. फरक २५,२२४. २०१९ ला आबासाहेब वयामुळं लढले नाहीत, नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे होते. त्यांना ९८,६९६ मतं पडली. म्हणजे आजोबांपेक्षा ४,३२२ जास्त! तरी हरले, कारण बापूंना ९९,४६४ मतं मिळाली, आधीपेक्षा ३०,३१४ जास्त. फरक फक्त ७६८.

म्हणजे शेकापचं घर फुटलं नव्हतं, समोरचं घर एक झालं होतं. त्या वेळी दीपकआबांनी शहाजीबापूंना साथ दिली होती, युतीची लाट होती, आणि "आबासाहेब स्वतः नाहीत" हे पण काही मतदारांच्या मनात असणारच. माझं मत असं की सांगोल्याचा निकाल समजून घ्यायचा तर शेकापला किती पडली हे बघत बसू नका, समोरचे किती गटात आहेत ते बघा. पुढचं उत्तर पण याच्याशी जोडून वाचा.

२४ ऑक्टोबर २०१९ चा तो दिवस मला चांगला आठवतो, सोलापुरात बसून दिवसभर फोन, प्रत्येक फेरीला आकडा वरखाली, जेवण कुणाला सुचत नव्हतं.

१०. मग २०२४ ला शेकाप २५ हजारांनी कशी जिंकली? पाच वर्षांत एवढं काय बदललं?

२०२४ ला लढत तिरंगी झाली. शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख १,१६,२५६. शिंदेंच्या शिवसेनेचे शहाजीबापू ९०,८७०. ठाकरेंच्या शिवसेनेकडून दीपकआबा ५०,९६२. फरक २५,३८६. गंमत बघा, २०१४ च्या फरकात आणि या फरकात फक्त १६२ मतांचं अंतर आहे.

आता बापू आणि दीपकआबांची मतं एकत्र केली तर १,४१,८३२ होतात, शेकापपेक्षा बरीच जास्त. २०१९ ला हे दोघं एका बाजूला होते, २०२४ ला समोरासमोर. म्हणून "फक्त मतविभागणीमुळं आले" असं विरोधक म्हणतात. पण ते अर्धंच खरं आहे. एक तर दीपकआबांची सगळी मतं बापूंकडंच गेली असती असं कोण सांगणार, ठाकरेंच्या मशालीला मत देणारा माणूस शिंदेंच्या धनुष्यबाणावर गेलाच असता असं नाही. दुसरं, शेकापची स्वतःची मतं १७,५६० ने वाढली आणि बापूंची ८,५९४ ने कमी झाली. विभागणी होती आणि वाढ पण होती, दोन्ही मान्य करावं लागतं.

११. "काय झाडी काय डोंगार" मुळं बापू पडले का?

२०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा बापूंनी गुवाहाटीहून फोनवर बोललेलं ते वाक्य राज्यभर गाजलं, सांगोल्याचं नाव महाराष्ट्रातल्या पोराटोरांच्या तोंडी गेलं हे खरं. पण त्या एका वाक्यावर निकाल ठरला असं मला वाटत नाही. ९० हजारांवर लोकांनी त्यानंतर पण त्यांना मत दिलंच की. पक्षफुटीचा राग काही ठिकाणी होता, निधी आणल्याचं कौतुक काही ठिकाणी होतं. खरं गणित १० नंबरच्या उत्तरात आहे.

१२. गणपतरावांचा विक्रम देशातला आहे का?

महाराष्ट्रातला म्हणा. देशातला म्हणू नका, कारण केरळमध्ये के. एम. मणी हे पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले. तमिळनाडूत करुणानिधी पण १३ वेळा आमदार झाले, पण त्यांनी मतदारसंघ बदलले. फेसबुकवर दरवर्षी ३० जुलैला, म्हणजे आबासाहेबांच्या स्मृतिदिनी, "देशात पहिले" अशा पोस्ट फिरतात. प्रेमाने टाकतात हे कळतं, पण त्यांच्याबद्दल चुकीचं सांगायची गरज नाही, जे खरं आहे तेच भरपूर आहे.

१३. जिल्हा सोलापूर, मग लोकसभेला सोलापूरच्या उमेदवाराला मत का देता येत नाही?

कारण सांगोला माढा लोकसभेत आहे. माढ्यात सहा विधानसभा: करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस आणि सातारा जिल्ह्यातल्या फलटण, माण. सोलापूर लोकसभेत मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण आणि पंढरपूर. बार्शी तर तिसरीकडंच, धाराशिव लोकसभेत.

२००९ च्या आधी सांगोला पंढरपूर लोकसभेत होता आणि ती जागा अनुसूचित जातीसाठी राखीव होती, शेवटच्या दोन वेळा, १९९९ आणि २००४ ला, तिथून रामदास आठवले खासदार होते. माढा झाल्यावर २००९ ला शरद पवार, २०१४ ला विजयसिंह मोहिते-पाटील, २०१९ ला रणजितसिंह नाईक-निंबाळकर, २०२४ ला धैर्यशील मोहिते-पाटील. म्हणून सांगोल्याच्या माणसाला खासदार विचारला की तो अकलूज, फलटणचं नाव घेतो, सोलापूरचं नाही.

१४. २०२१ ला आबासाहेब गेले तेव्हा पोटनिवडणूक झाली होती ना? मला आठवतंय.

नाही झाली. ३० जुलै २०२१ ला त्यांचं निधन झालं, पण तेव्हा ते आमदार नव्हते, त्यामुळं जागा रिकामी होण्याचा प्रश्नच नाही. तुम्हाला आठवतीय ती शेजारची पंढरपूरची पोटनिवडणूक. तिथं भारत भालके यांचं नोव्हेंबर २०२० ला निधन झालं आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये मतदान होऊन भाजपचे समाधान आवताडे आले. सांगोल्याला पोटनिवडणुकीसाठी मागं १९७४ पर्यंत जावं लागतं. आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायचा नियम कायद्यात १९९६ ला आला, त्याआधीच्या तारखांना तो लावू नका.

१५. १९२ आणि ७६८ एवढा कमी फरक असेल तर फेरमोजणी आपोआप होत नाही का?

आपोआप होत नाही. फरक कितीही कमी असो, उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने निकाल जाहीर व्हायच्या आधी लेखी अर्ज करावा लागतो, कारण द्यावं लागतं, आणि निवडणूक निर्णय अधिकारी तो मान्य किंवा अमान्य करू शकतो. एकदा विजयी घोषित झालं की मग रस्ता उच्च न्यायालयाचा, ४५ दिवसांच्या आत निवडणूक याचिका. नोटाला जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते हा पण गैरसमज आहे, नोटा वगळून ज्याला सगळ्यात जास्त तोच निवडून येतो.

१६. मी सोलापुरात जुळे सोलापूरला राहतो, नाव अजून गावाकडं नाझऱ्याला आहे. दोन्हीकडं ठेवलं तर चालतं का?

नाही चालत. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकाच ठिकाणी असू शकतं. इकडं राहायला आला असाल तर फॉर्म ८ भरून नाव स्थलांतरित करा, फॉर्म ६ हा पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी आहे, बरेच जण तोच परत भरतात आणि मग दोन यादीत नाव दिसतं. माझ्या ओळखीत असं झालंय आणि मतदानाच्या दिवशी फार मनस्ताप झाला.

गावाशी नातं तुटतं म्हणून नाव हलवायला जीव होत नाही हे मला कळतं, पण नियम राहण्याच्या जागेचा आहे.

१७. सांगोला पुढं राखीव होईल का? हद्द बदलेल का?

आज जी हद्द आहे ती २००१ च्या जनगणनेवरची. घटनेप्रमाणं पुढची पुनर्रचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आल्यावर. महिला आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ ला झाली, ती पण पुनर्रचनेशीच जोडलेली आहे. कुठली जागा कुणासाठी राखीव हे तेव्हाच ठरेल. शेजारचं माळशिरस मागच्या पुनर्रचनेत अनुसूचित जातीसाठी राखीव झालं, तेव्हा तिथल्या भल्याभल्यांना दुसरीकडं जागा शोधावी लागली. भाळवणीवाल्यांना परत पंढरपूरला जोडणार का हे पण त्याच वेळी कळेल, तोपर्यंत त्यांचं तहसील पंढरपूरला आणि मत सांगोल्याला.